दोन्ही बोगनवेली 'उणे ५ पर्यंत तगणाऱ्या', मग एक मेली आणि एक जगली कशी?

रानजाई | १२ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इटलीत, टस्कनी प्रांतात, फ्लोरेन्सच्या दक्षिणेला, कियांतीच्या डोंगरातल्या एका गावात राहते. उंची चारेकशे मीटर. घर भाड्याचं आहे, पण मागे उतारावर तीन टप्प्यांची बाग आहे आणि मालकीणबाईंनी "हवं ते लाव" म्हणून सांगून टाकलंय. त्या स्वतः फक्त टोमॅटो लावतात.

प्रश्न असा. आमच्या गल्लीत दोन बोगनवेली होत्या. एकाच रोपवाटिकेतल्या, बरोबरच लावलेल्या, दोन्हींच्या लेबलवर "उणे ५ पर्यंत तग धरते" असं छापलेलं. गेल्या जानेवारीत थंडीची लाट आली तेव्हा वरच्या घरची नुसती पानं गाळून उभी राहिली आणि मे महिन्यात पुन्हा गुलाबी झाली. खालच्या घरची मात्र शेंड्यापासून बुंध्यापर्यंत काळी पडली. मधे अंतर किती, तर हाक मारली तर ऐकू जाईल एवढं.

माझ्याकडे सध्या: कुंडीत दोन लिंबं, जमिनीत कण्हेर आणि रोझमेरी, एका श्रीलंकन दुकानातून आणलेला कढीपत्ता, आणि मनात चाफा. पुण्यात असताना झाडाला थंडी वाजते हा विचारच कधी केला नव्हता. इथे ऑक्टोबर संपला की सगळे झाडं झाकायच्या गोष्टी करतात. लेबलवरच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

टवाळ | १२ नोव्हेंबर, रात्री १०.०५

खालच्या घरच्यांनी बोगनवेलीला लेबल वाचून दाखवलं नसणार. (हलकंच घ्या.)

बुंधा | १२ नोव्हेंबर, रात्री ११.२०

रानजाई, चांगला धागा. मी दक्षिण फ्रान्सात, प्रोव्हान्समध्ये, एक्सजवळ राहतो. घरामागे ऑलिव्हची थोडी झाडं आहेत, त्यामुळे हिवाळ्यात माझंही लक्ष पाऱ्याकडेच असतं.

आधी आकड्याचं बघू. हे आकडे बहुतेक वेळा अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशाच्या हिशोबाने सांगितले जातात. पहिला नकाशा १९६० सालचा, शेवटची सुधारणा २०२३ची. वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीचं तापमान घ्यायचं, अनेक वर्षांची सरासरी काढायची आणि दर १० अंश फॅरनहाइटला एक पट्टा पाडायचा. नववा पट्टा म्हणजे उणे ६.७ ते उणे १.१ सेल्सिअस. यातला 'सरासरी' हा शब्द लोक विसरतात. कित्येक वर्षी पारा त्याच्या खाली जाणारच. शिवाय लंडनचा बराच भाग आणि फ्लोरेन्स शहर दोन्ही नवव्या पट्ट्यात येतात. आता लंडनमधली कण्हेर आठवा आणि तुमच्या गावातली बघा. इथला कडक उन्हाळा फांदी पक्की करून देतो, तिथे ती कोवळीच राहते आणि तशीच हिवाळ्यात शिरते. नकाशात उन्हाळा नाही, पाऊस नाही, थंडी किती तास टिकली हे नाही, आणि ती कधी आली हे तर अजिबातच नाही.

'कधी आली' हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे म्हातारी माणसं अजून १९५६ बद्दल बोलतात. त्या वर्षी जानेवारी चक्क उबदार गेला. ऑलिव्हच्या झाडांत रस चढायला लागला होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला उत्तरेकडून थंड हवा घुसली आणि पारा एकदम कोसळला, काही ठिकाणी उणे १५च्याही खाली. खोडं उभी चिरली. लाखो झाडं गेली आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी ऑलिव्ह सोडून द्राक्ष धरलं. एरवी पूर्ण थंडावलेलं ऑलिव्ह उणे ७-८ सहज काढतं, उणे १०-१२ला खोडाला धोका सुरू होतो. तेच झाड जागं असेल तर ते मरायला एवढीही थंडी लागत नाही.

तुमच्याकडे हेच १९८५च्या जानेवारीत झालं. फ्लोरेन्सच्या विमानतळावर उणे २३ नोंदलं गेलं होतं. टस्कनीतली बहुतेक ऑलिव्हं जमिनीपर्यंत जळाली. आता फिरायला जाल तेव्हा बघा: एका बुंध्यातून तीन-तीन, चार-चार खोडं वर आलेली दिसतील. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. ती झाडं जमिनीलगत कापली गेली होती, मुळं जिवंत होती, त्यातून फुटवे आले आणि लोकांनी चांगले तीन-चार ठेवून बाकीचे काढले.

द्राक्षबाग | १३ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

आम्ही निफाड तालुक्यातले. बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलेला, पण थंडीने पीक कसं जातं ते ठाऊक आहे. ताई, तीन गोष्टी सांगा. खालचं घर उताराच्या तळाशी आहे का? त्याच्या खालच्या अंगाला भिंत किंवा दाट कुंपण आहे का? आणि वरच्या घरची वेल कशाला टेकून होती?

रानजाई | १३ नोव्हेंबर, दुपारी १.३०

खालचं घर गल्लीच्या टोकाला, ओढ्याच्या बाजूला. परसाच्या खालच्या कडेला पुरुषभर उंचीची दगडी भिंत आहे, तिच्यावर आयव्ही. वरच्या घरची वेल घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर चढवलेली, वर कौलांची वळचण. तुम्हाला निफाडला बसून हे दिसलं कसं?

द्राक्षबाग | १३ नोव्हेंबर, रात्री ८.५०

दिसायचं काय त्यात! आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशी रात्र असली की जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि पाटाच्या पाण्यासारखी उताराने खाली वाहत जाते. वाटेत बांध आडवा आला की तुंबते. तुमच्या शेजाऱ्यांची दगडी भिंत हा तो बांध. त्यांची वेल थंड हवेच्या डबक्यात रात्रभर उभी होती. वरच्या घरची वेल दिवसभर तापलेल्या भिंतीला चिकटून, वरून वळचणीचं छप्पर. दोघींना मिळालेला हिवाळा एक नव्हताच.

आमच्याकडेही एकाच शिवारात नदीकाठच्या खोलगट बागेत आणि माळावरच्या बागेत तीन-चार अंशांचा फरक पडतो. पारा फार उतरला की थॉम्पसन जातीच्या द्राक्षांचे मणी गुलाबी पडतात, व्यापारी भाव पाडतो. म्हणून पहाटे ठिबक चालू करतो. बोअरचं पाणी हवेपेक्षा गरम असतं आणि ओली जमीन दिवसा जास्त ऊब साठवते. बांधावर शेकोट्या पेटवतो, ओला पालापाचोळा टाकून धूर करतो.

पेशीवाली | १४ नोव्हेंबर, सकाळी ११.००

वनस्पतीशास्त्राची जुनी विद्यार्थिनी, सध्या वाचनमात्र, पण इथे राहवलं नाही.

द्राक्षबाग, बाकी सगळ्याला +१, पण धुराबद्दल असहमत. जमिनीतून निघून जाणारी उष्णता धुराचे बारीक कण फारशी अडवत नाहीत. ढग अडवतात, धूर नाही. शेकोटीचा उपयोग होतो तो तिच्या आचेचा, आणि त्या आचेने वरची जरा उबदार हवा खालच्या हवेत मिसळते त्याचा. म्हणून एका मोठ्या जाळापेक्षा बागभर पसरलेल्या लहान शेकोट्या बऱ्या. फ्रान्समध्ये एप्रिल २०२१ मध्ये द्राक्षांना पालवी फुटलेली असताना दहिवर पडलं, तेव्हा लोकांनी ओळींमधून मेणाचे डबे पेटवले होते ते याच कारणाने.

आता झाडाच्या आत काय होतं ते. पाणी आधी पेशींच्या बाहेरच्या पोकळीत गोठतं. तो बर्फ पेशीतलं पाणी ओढून घेतो आणि पेशी आतून वाळते. म्हणजे थंडीने मेलेलं झाड बऱ्याचदा तहानेने मेलेलं असतं. शरदात दिवस लहान होतात, रात्री हळूहळू गार होतात, तशी काटक झाडं पेशीत साखर साठवतात, पेशीची पटलं बदलतात आणि हे वाळणं सोसायला शिकतात. या तयारीला काही आठवडे लागतात. मोडायला मात्र जानेवारीतले थोडे उबदार दिवस पुरतात. बुंधा यांनी सांगितलेलं १९५६ साल म्हणजे नेमकं तेच.

कढीपत्ता, तुळस, मोगरा यांची गोष्ट वेगळी. त्यांना ही तयारी जमतच नाही. शून्याच्या वरच, सात-आठ अंशांवरसुद्धा त्यांचं काम बिघडतं, मुळं पाणी उचलत नाहीत, पानं पिवळी पडून गळतात. त्यांना क्रॉप कव्हरने (झाडं झाकायच्या पातळ कापडाने) गुंडाळून काही होणार नाही. रानजाई, कढीपत्ता घरात घ्या. आजच. पानं गळली तरी घाबरू नका, पाणी अगदी कमी करा.

द्राक्षबाग | १४ नोव्हेंबर, रात्री ९.१०

धुराचं आमच्या कृषी सहायकांनाही सांगून बघा. पण बाई, शेकोटी पेटवली की चार माणसं जमतात, चहा होतो, बाग राखली जाते. तेवढं राहू द्या.

अथिना_उत्तर | १५ नोव्हेंबर, दुपारी ४.२५

थंडी थंडी करताय, पाण्याबद्दल कुणी बोलेना. मी अथेन्सच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते. भूमध्य समुद्राकाठचा बहुतेक पाऊस शरद-हिवाळ्यात पडतो, म्हणजे थंडी आणि ओल एकत्र येतात. या बागांत निम्मी झाडं गारठ्याने मरत नाहीत, पाय ओले राहिल्याने मरतात. अगेव्ह (घायपात), लॅव्हेंडर, सिस्टसची झुडपं हे सगळे कोरड्या मातीत बरीच थंडी सोसतात, चिकणमातीत पाणी साचलं की शून्याच्या आसपासच कुजतात. अथेन्सला वर्षाचा पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, फ्लोरेन्सला त्याच्या दुप्पट. त्यामुळे आमच्याकडे जे चाललं ते तुमच्या चिकणमातीत चालेलच असं नाही. उंचवटा करा, खडी मिसळा, बुंध्याशी शेणखताचा ओला ढीग नको, बारीक खडीचं आच्छादन घाला.

लॅव्हेंडर घेताना जात बघा. 'अंगुस्तिफोलिया' डोंगरातली, उणे १५लाही हसत उभी राहते. दातेरी पानांची 'देन्ताता' उणे ५च्या आसपास मान टाकते. दुकानात दोघी शेजारी शेजारी, फूल जवळपास सारखं, किंमतही सारखी.

जाता जाता, कधी अथेन्सला आलात तर पेआनियाजवळची स्पारोझाची बाग पाहा. जॅकलिन टिर्विट या ब्रिटिश नगररचनाकार बाईंनी खडकाळ टेकडीवर उभी केली. या बाई १९५४ मध्ये दिल्लीला घरबांधणीच्या प्रदर्शनासाठीही आल्या होत्या. १९९४ मध्ये मेडिटरेनियन गार्डन सोसायटी स्थापन झाली ती तिथेच. बागेत लाड कुणाचेच नाहीत. उन्हाळ्यात पाणी जवळजवळ नाही, हिवाळ्यात पांघरूण नाही. जे तगलं ते तिथलं.

बुंधा | १५ नोव्हेंबर, सायंकाळी ७.००

अथिना, पाण्याचा मुद्दा अगदी बरोबर. फक्त एक भर: बर्फाचं वजन. थंडीने नाही तर ओझ्याने फांद्या मोडतात, आणि सदाहरित झाडं पानांसकट उभी असल्याने त्यांच्यावर बर्फ जास्त साचतो. माद्रिदवाले कुणी आहे का?

माद्रिदमधला_भाऊ | १६ नोव्हेंबर, रात्री १२.१५

हजर. फिलोमेना वादळ, जानेवारी २०२१. दोन दिवस बर्फ पडत होता. आमच्या रस्त्यावरचे छत्रीसारखे पसरलेले पाइन आणि सदाहरित ओक रात्रभर कडाकड मोडत होते, आम्ही खिडकीत उभे राहून ऐकत होतो. शहरातली मोठी रेतिरो बाग कित्येक दिवस बंद होती. आणि बर्फ थांबल्यावर खरी थंडी आली, आभाळ निरभ्र, पारा उणे १०च्या खाली. गंमत अशी की बर्फाखाली दबलेली खुरटी झुडपं वाचली, बर्फानेच त्यांना झाकून ठेवलं. बर्फाच्या वर डोकं काढून उभी असलेली कण्हेर तेवढी पांढऱ्या रेघेपर्यंत जळाली. वर तपकिरी, खाली हिरवी, मधे मोजपट्टीने आखल्यासारखी हद्द.

सल्ला एवढाच: बर्फ पडत असतानाच झाडूच्या दांड्याने फांद्या खालून वर हलवून मोकळ्या करा. गोठल्यावर हात लावू नका, कटकन तुटतात.

मालागाचा_आंबा | १६ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

आमच्याकडे दक्षिण स्पेनमध्ये, मालागाच्या किनाऱ्यावर आंबा आणि अवोकाडो शेतात पिकतात, आणि सीताफळाची चुलत बहीण चेरिमोयासुद्धा. मागे डोंगर, पुढे उबदार समुद्र. डोंगर ओलांडून आत गेलात की तासाभरात बदामाची झाडं लागतात आणि आंबा संपतो. बाकी चालू द्या, फक्त जळवायला आलो होतो.

टवाळ | १६ नोव्हेंबर, सकाळी १०.५५

हापूस नसला तर तो आंबा धरत नाही आम्ही.

पालेर्मोची_लेक | १७ नोव्हेंबर, रात्री १०.३०

चाफ्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. रानजाई, तुमचा देवचाफा म्हणजे आमच्या सिसिलीतल्या पालेर्मोची पोमेलिया. हे शहर त्या झाडावर जीव टाकतं. बाल्कन्यांमध्ये कुंड्या, एकेका आजीकडे चाळीस-चाळीस वर्षं जुनं झाड. लग्न होऊन जाणाऱ्या मुलीला आई फांदी द्यायची, अशी पद्धत होती.

आता बघा, पालेर्मोत सहसा शून्याखाली जात नाही. तरी चाफ्याची खरी नाजूक जागा म्हणजे फांदीचं टोक. पुढच्या वर्षीचा फुलोरा तिथूनच निघतो. पानं गळून गेल्यावर ते जाड बोथट टोक उघडं पडतं, त्यावर गार पावसाचं पाणी बसलं की काळं पडून कुजायला लागतं. म्हणून इथे हिवाळ्यात प्रत्येक टोकावर अंड्याचं अर्धं कवच टोपीसारखं बसवतात. डिसेंबरात गल्लीतून चाललात तर बिनपानांच्या फांद्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या-तपकिरी टोप्या. माझ्या शेजारीणबाई नाताळाच्या केकसाठी अंडी फोडतात तेव्हा फक्त वरची टिकली उडवतात, कवच धुऊन खिडकीत वाळत ठेवतात.

तुमच्या डोंगरात मात्र टोप्यांनी भागणार नाही. तिथे चाफा जमिनीत लावायचाच नाही. कुंडीत ठेवा, पानं गळली की कोरडा करून जिन्याखाली किंवा गॅरेजमध्ये न्या. झोपलेल्या चाफ्याला उजेड नसला तरी चालतो, पाणी बिलकूल नको.

बुंधा | १८ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

हेच टस्कनीत लिंबाचं शतकानुशतकं चाललंय. लिंबू उणे ३-४लाच मार खातं, म्हणून मोठ्या वाड्यांना 'लिमोनाया' असायचा: दक्षिणेकडे उंच खिडक्या, उत्तरेकडे जाड भिंत. फ्लोरेन्सच्या बोबोली बागेतला १७७७-७८चा अजून वापरात आहे. शरदात कुंड्या आत, एप्रिल-मेमध्ये बाहेर. कुंडीतली मुळं जमिनीतल्या मुळांपेक्षा फार लवकर गारठतात, कारण चारी बाजूंनी हवा. त्यामुळे कुंडीतल्या झाडासाठी लेबलवरचा आकडा मनातल्या मनात चार-पाच अंश वर सरकवा, म्हणजे उणे ५ लिहिलं असेल तर शून्याच्या आसपास धरा. कुंडी घेताना इम्प्रुनेताच्या मातीची घ्या, तुमच्या शेजारचंच गाव. महाग आहे, पण ती थंडीत तडकत नाही.

आणि रानजाई, एक कमाल-किमान तापमापी वरच्या भिंतीजवळ आणि एक अगदी खालच्या टप्प्यात टांगा. हवामान खात्याचा आकडा दोन मीटरवरच्या सावलीतल्या पेटीतला असतो. गवतालगत त्याहून कितीतरी कमी असतं.

रानजाई | २ फेब्रुवारी, रात्री ९.१५

धागा वर काढते. मंडळी, तापमाप्या लावल्या. इथे जानेवारीच्या शेवटच्या तीन दिवसांना काळ्या कस्तूर पक्ष्याचे दिवस म्हणतात, वर्षातले सगळ्यात थंड. आधी पांढरा असलेला पक्षी थंडीने धुराड्यात लपला आणि काजळीने काळा झाला, अशी गोष्ट आहे. यंदा ते दिवस नावाला जागले. निरभ्र रात्र, वारा नाही. घराच्या भिंतीजवळ उणे २, खालच्या टप्प्यात उणे ६.५. द्राक्षबाग, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

कण्हेर मधल्या टप्प्यात होती, पानांच्या कडा करपल्या, बाकी ठीक. लिंबं मालकीणबाईंच्या टोमॅटोच्या खोपटात, दोन पदरी क्रॉप कव्हरखाली. कढीपत्त्याची पानं घरात असूनही झडली, फक्त दांडा उरलाय, पण नखाने खरवडलं तर आत हिरवा आहे.

आता गोष्टीतली गोष्ट. खालच्या घरच्या आजोबांना भिंतीचं सांगायला गेले. त्यांनी मला मागे नेऊन चार खोडांचं ऑलिव्ह दाखवलं आणि म्हणाले, हे पंच्याऐंशीत गेलं होतं, बापाने तोडू दिलं नाही, जूनपर्यंत थांबला. मी विचारलं, मग बोगनवेलीचं काय केलंत? तर म्हणाले, ती मार्चमध्येच उपटली, काळी झाली होती ना.

बुंधा | २ फेब्रुवारी, रात्री ९.५०

मग ती मेली होती हे ठरवलं कुणी? बोगनवेल बुंध्यापर्यंत काळी पडून मे-जूनमध्ये मुळापासून फुटते. हा धागा ज्या वेलीवर सुरू झाला ती बहुधा जिवंत होती!

टवाळ | २ फेब्रुवारी, रात्री १०.००

खुनाचा तपास चालू होता, आता निघालं की पुरलं जिवंतच. पॉपकॉर्न संपले माझे.

पेशीवाली | ३ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

कण्हेरीच्या करपलेल्या फांद्या आत्ता कापू नका. वरचा मेलेला पाला खालच्या जिवंत डोळ्यांना झाकून ठेवतो, आणि छाटणी केली की झाड फुटायला बघतं. अजून फेब्रुवारी अख्खा पडलाय. खतही नको. कढीपत्त्याला उजेडात ठेवा, कोमट पाणी, तेही कुंडीची माती पूर्ण सुकल्यावर.

पालेर्मोची_लेक | ३ फेब्रुवारी, दुपारी २.००

चाफ्याची फांदी मी मेमध्ये कापते. चीक सुकायला आठवडाभर सावलीत ठेवेन, मग वर्तमानपत्रात गुंडाळून कुरियर. तुम्ही तोवर अर्धी वाळू आणि अर्धी माती कालवून ठेवा, आणि पालवी दिसेपर्यंत पाणी घालायचा मोह आवरा. अंड्याची कवचं तुमची तुम्ही बघा.